चौशिंगा आणि बुटका देवमासा: पोरांकडून तुलना कशी करून घ्यावी

चौशिंगा (हरणासारखा दिसणारा, चार शिंगांचा रानप्राणी) आणि बुटका स्पर्म व्हेल, म्हणजेच बुटका देवमासा, ही जोडी मी आमच्या खानापूर भागातल्या पोरांना मुद्दाम देतो. दोघांमागे माणूस एकच आहे, वॉल्टर इलियट. १८२४ साली कित्तूरला राणी चन्नम्मांच्या सैन्यानं पकडलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्यांतला हा एक. पुढे त्यानं दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी केली, १८३९ साली दक्षिणेतल्या चौशिंग्याला वेगळं शास्त्रीय नाव दिलं. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरचा बुटका देवमासाही त्याच्याचमुळे लंडनला प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनपर्यंत पोचला आणि १८६६ साली त्याचं वर्णन छापून आलं.

पोरं लगेच दोन रकाने पाडतात: जंगल-समुद्र, पाय-पर. तिथं थांबू देऊ नका.

आधी व्हरांड्यात खडूनं पावणेतीन मीटरची रेघ ओढा. मोठ्यात मोठा बुटका देवमासा साधारण एवढाच, वजन अडीचशे किलोच्या घरात. शेजारच्या भिंतीवर साठ सेंटिमीटरवर खूण करा; ती चौशिंग्याची खांद्याशी उंची, वजन वीस किलोच्या आसपास. लांबी उंचीशी ताडायची नसते, म्हणून तुलना करायची ती वजनांची.

आपल्याकडे चौशिंग्याला भेकर म्हणून मोकळे होतात. भेकर हरणातलं, त्याची शिंगं गळून पुन्हा येतात. चौशिंगा गाय-शेळीच्या कुळातला; शिंगं फक्त नराला, आणि ती गळत नाहीत. दक्षिणेत पुढची जोडी बरेचदा नुसत्या गाठीएवढी असते, म्हणून चित्रात चारही लांब काढली तर खोडायला लावा.

आता खरं काम. मटणाच्या दुकानातून बकऱ्याच्या मागच्या पायाचं घोट्याचं हाड मागून आणा, उकळून घासून घ्या. बोटांत धरून फिरवा: वरच्या टोकाला रहाटाच्या चाकासारखी खाच, खालच्या टोकालाही तशीच. समखुरी, म्हणजे गाय-शेळीसारख्या जोडखुरांच्या, प्राण्यांची ही खूण, चौशिंग्यातही हीच. पाय असलेल्या आदिम देवमाशांचं असंच हाड पाकिस्तानातल्या जीवाश्मांत मिळालं, ते २००१ साली जगापुढं आलं; म्हणजे देवमासे याच समखुरी घराण्यातले. ही गोष्ट हाड पोराच्या हातात असतानाच सांगा, आधी नको. मग पोट विचारा: दोघांचंही कप्प्याकप्प्यांचं. शेपूट विचारा: देवमाशाचं वर-खाली हलतं, जसा धावत्या चौशिंग्याचा कणा वाकतो, माशासारखं डावी-उजवीकडे नाही.

फरक विचारायचा तर जीव कसा वाचवतात ते विचारा. चौशिंगा गवतात दबून बसतो, अगदी जवळ आलात तरच उधळतो. बुटका देवमासा आतड्यातल्या पिशवीतून तांबूस तपकिरी द्रव सोडतो, पाणी गढुळतं, तेवढ्यात तो बुडी मारतो.