स्क्रीन रीडरला वाचता येईल असे मराठी परिपत्रक कसे तयार करावे

कृतिदेव फाँटमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला, की पडद्यावर तो नीट उमटतो. संगणकात साठवली जातात ती मात्र ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे. फाँट त्या अक्षरांवर देवनागरीचे आकार चढवून दाखवतो, त्यामुळे डोळस वाचकाला यातले काहीच जाणवत नाही. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर, म्हणजे मजकूर आवाजात वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, साठवलेली अक्षरे वाचतो, आणि तीन पानांचे परिपत्रक त्याच्या कानावर अर्थहीन इंग्रजी अक्षरांची माळ होऊन पडते. माझ्या एका दृष्टिहीन सहकाऱ्याने अशीच एक सूचना मला ऐकवली, तोपर्यंत मीसुद्धा अनेक वर्षे जुन्या फाँटमध्येच मजकूर तयार करून सर्वांना पाठवत होतो, याची खंत मला आजही वाटते.

सर्व साहित्य सुगम्य स्वरूपात उपलब्ध व्हावे यासाठी शासनाने उपाय योजावेत, असे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ४२ सांगते. पण ते शक्य होते किंवा बिघडते ते टंकलेखन करणाऱ्याच्या टेबलावर. म्हणून कार्यालय, शाळा, ग्रंथालय किंवा गृहनिर्माण संस्था यांच्यासाठी मराठी मजकूर तयार करणाऱ्यांनी कोणती काळजी घ्यावी, ते येथे कामाच्या क्रमाने मांडत आहे.

पहिली अट युनिकोडची, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना स्वतंत्र संकेतांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीची. देवनागरी लिपी युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात आहे, आणि विंडोज व अँड्रॉइड या दोन्हींवर मराठी कळफलक विनामूल्य मिळतो. इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक शिकावा किंवा उच्चारानुसार चालणारा वापरावा, साठवला जाणारा मजकूर सारखाच असतो. हाती आलेली फाइल युनिकोडमध्ये आहे की नाही हे ओळखण्यासाठी एक परिच्छेद निवडून त्याचा फाँट एरियल करावा. देवनागरी अक्षरे तशीच राहिली तर फाइल युनिकोडमध्ये आहे, आणि रोमन अक्षरे व चिन्हे दिसू लागली तर ती जुन्या फाँटमधली आहे.

जुनी फाइल पुन्हा टाइप करण्याची गरज नसते, कारण रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. मात्र कृतिदेव, श्रीलिपी आणि शिवाजी यांची अंतर्गत मांडणी वेगवेगळी असल्यामुळे नेमका फाँट निवडावा लागतो. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार विशेष तपासावेत. अनेक जुन्या फाँटांत वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप केला जात असे, त्यामुळे तो क्रम उलटवताना चुका होतात. मूळ मजकुरातले इंग्रजी शब्द आणि ईमेल पत्तेही रूपांतरात बिघडतात, म्हणून ते आधी बाजूला काढून ठेवावेत.

युनिकोडमध्ये लिहितानाही आपल्या काही सवयी कानाला त्रास देतात. ‘दुःख’, ‘अंतःकरण’ यांसारख्या शब्दांत विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे चिन्ह टाइप केले, तर शब्द मध्येच तुटतो, आणि शोध घेतानाही तो सापडत नाही. मथळा रुंद दिसावा म्हणून ‘सू च ना’ असे अंतर सोडून लिहिले, तर तीन सुटी अक्षरे ऐकू येतात. अंतर हवे असेल तर फाँटच्या मांडणीतून अक्षरांमधील जागा वाढवावी. परिच्छेदांच्या मध्ये ताऱ्यांची ओळ काढू नये, आणि नावे व रकमा एकाखाली एक आणण्यासाठी स्पेसबार वापरू नये. अशा रचनेत स्क्रीन रीडर ओळ आडवी वाचत जातो, आणि कोणती रक्कम कोणाची हे ऐकणाऱ्याला कळत नाही. तेथे साधा तक्ता करावा, पहिल्या ओळीत स्तंभांची शीर्षके द्यावीत आणि शक्य तोवर रकाने एकत्र जोडू नयेत.

मथळे हा लांब मजकुराचा कणा असतो. डोळस माणूस पानावरून नजर फिरवून ‘अर्जाची अंतिम तारीख’ क्षणात शोधतो. दृष्टिहीन वाचक हेच काम एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारत करतो, पण त्यासाठी मथळा केवळ ठळक आणि मोठा असून भागत नाही, तो हेडिंग या शैलीत असावा लागतो. वर्डमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि १ या कळा एकत्र दाबल्या की पहिल्या पातळीचा मथळा तयार होतो, २ दाबल्यास दुसऱ्या पातळीचा. याच वेळी सगळा मजकूर निवडून त्याची भाषा मराठी अशी नोंदवावी, म्हणजे कोणत्या भाषेचा आवाज वापरायचा याची खूण स्क्रीन रीडरला मिळते.

चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे ऑल्ट टेक्स्ट, जोडावा, आणि ते चित्र तेथे कशासाठी आहे हे त्यात सांगावे. परीक्षा केंद्राच्या नकाशाला ‘नकाशा’ एवढेच लिहून कोणाला वाट सापडत नाही. बसथांब्यापासून कोणत्या बाजूला, किती अंतरावर प्रवेशद्वार आहे, ते लिहावे. अल्पदृष्टी असलेल्या वाचकांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असे वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. पांढऱ्यावर फिकट राखाडी किंवा पिवळी अक्षरे यात बसत नाहीत.

सर्वाधिक नुकसान होते ते सही-शिक्क्याच्या टप्प्यावर. संगणकावर नीट तयार झालेले परिपत्रक छापले जाते, त्यावर सही होते, शिक्का उमटतो, मग ते स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवले जाते, आणि त्या क्षणी त्यातील मजकूर संपून केवळ छायाचित्र उरते. टेसरॅक्ट किंवा गुगल ड्राइव्ह यांच्या साहाय्याने छायाचित्रातून मराठी मजकूर काढता येतो हे खरे. तरी पुसट जोडाक्षरे आणि तक्ते यांत चुका राहतात, आणि शुल्काचा एक अंक चुकला तरी त्याचा भुर्दंड वाचकाला पडतो. हे काम वाचकावर ढकलणे मला अन्यायाचे वाटते. शक्य असेल तेथे डिजिटल स्वाक्षरी वापरावी. स्कॅन प्रत अपरिहार्य असेल, तर तिच्याशेजारी मूळ युनिकोड फाइलही ठेवावी. व्हॉट्सॲपवर सूचनेचे छायाचित्र पाठवताना त्याखाली तोच मजकूर टाइप करून द्यावा.

वर्डमधून पीडीएफ करताना ‘सेव्ह ॲज’ वापरावे आणि पर्यायांमध्ये सुगम्यतेसाठीच्या रचना-खुणा समाविष्ट करण्याची चौकट टिक केलेली आहे ना, हे पाहावे. ‘प्रिंट’मधून पीडीएफ केल्यास मथळ्यांच्या खुणा गळतात. तयार पीडीएफमधील एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावा. काही वेळा मूळ मजकूर युनिकोडमध्ये असूनही पानाची मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून निघालेल्या पीडीएफमध्ये जोडाक्षरे विस्कटतात, आणि नोटपॅडमध्ये जे विस्कटलेले दिसते तेच वाचकाला ऐकू येणार असते. अशा वेळी वर्ड किंवा एचटीएमएल स्वरूपातील प्रत सोबत द्यावी.

शेवटी ऐकून पाहावे. विंडोजसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य आहे. त्याचे काम मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये सुरू केले. त्यासोबत येणाऱ्या ई-स्पीक या वाचकयंत्रणेत मराठी आवाज आहे. तो यांत्रिक वाटला तरी चूक पकडण्यास पुरेसा आहे. इन्सर्ट आणि खालचा बाण दाबल्यावर सलग वाचन सुरू होते, तर इन्सर्ट आणि स्पेसबार दाबून ब्राउझ मोड सुरू केल्यावर एच या कळीने एकेका मथळ्यावर जाता येते. अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटीत टॉकबॅक मिळतो. तो सुरू असताना एकदा स्पर्श केल्यावर नाव ऐकू येते आणि दोनदा टकटक केल्यावरच ते उघडते, त्यामुळे तो बंद कसा करायचा हे आधी पाहून ठेवावे. मॉनिटर बंद करून अंतिम तारीख, शुल्क आणि संपर्क क्रमांक केवळ कानाने शोधून पाहावेत, आणि त्यानंतर एखाद्या दृष्टिहीन वाचकाला फाइल पाठवून त्याचे मत घ्यावे, कारण रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला ज्या अडचणी जाणवतात त्या आपल्याला एका बैठकीत कळत नाहीत. त्याने दाखवलेल्या चुका त्या एका परिपत्रकात दुरुस्त करून थांबू नये; ज्या नमुना फाइलवरून पुढची परिपत्रके तयार होणार आहेत, तिच्यातच त्या दुरुस्त कराव्यात.