अधिकाऱ्यांना कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा शिकवायला निघालेल्यांसाठी

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 तुम्ही वाचलेला असेलच, म्हणून त्याची ओळख करून देत नाही. मला सांगायचे आहे ते समेटाविषयी, कारण या कामात मला सर्वांत जास्त झगडावे लागले ते त्याच्याशीच आणि अजूनही लागते.

प्रशिक्षणात बसलेले पोलीस, ग्रामसेवक, पर्यवेक्षिका कलमे बिनचूक सांगतात. मात्र प्रत्यक्ष प्रकरण सोडवायला दिले की तीच मंडळी ‘दोघांना समोर बसवून समजूत काढू’ असे लिहून मोकळी होतात. कलम 14 मधील समुपदेशन प्रकरण न्यायालयात सुरू असताना, दंडाधिकाऱ्यांच्या निर्देशानेच व्हायचे असते. कलम 5 नुसार तक्रार आलेल्या पोलीस अधिकाऱ्याने आधी पीडित महिलेला न्यायालयात अर्जाचा हक्क, संरक्षण अधिकाऱ्याची (या कायद्याखाली तिला मदत करायला शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याची) मदत आणि मोफत विधी सेवा यांची माहिती द्यायची असते. हे सर्व कळल्यावर ती स्वतःहून समेट मागत असेल तर तो निर्णय तिचा. पण काहीच न सांगता घरी पाठवलेल्या बाईने समेट केला असे कोणी म्हणू नये.

व्याख्यानाने ही सवय सुटत नाही, तयार स्लाइड्सने तर मुळीच नाही. घटना अहवालाचा नमुना 1, म्हणजे महिलेने सांगितलेला हिंसाचार रकान्यांत नोंदवायचा कागद, हाती द्या आणि एक प्रकरण भरायला सांगा. मी दिलेल्या प्रकरणात नवरा दरमहा बायकोचा पगार काढून घेत होता आणि औषधालाही पैसे देत नव्हता. तरी एका अनुभवी अधिकाऱ्याच्या कागदावर आर्थिक हिंसाचाराचा रकाना कोरा आणि शेऱ्यात ‘किरकोळ वाद’ एवढेच होते. खरे शिकवणे तिथून सुरू होते: तिचे एकेक वाक्य घ्यायचे आणि ते कोणत्या रकान्यात जाते हे त्यांच्याकडूनच काढून घ्यायचे.

कायद्याच्या गैरवापराचा प्रश्न हमखास येईल. तो फळ्यावर लिहून शेवटी घ्या, नाहीतर दिवस त्यातच जाईल. मार्गदर्शक म्हणून मी फर्ड्या वक्त्यापेक्षा न्यायालयात उभ्या राहिलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला केव्हाही पसंती देईन.

हात बांधून गप्प बसलेल्यांना पाहून खचू नका. चहाच्या वेळी प्रलंबित प्रकरण घेऊन येणारे बहुधा त्यांच्यातलेच असतात. शिवाय असे प्रशिक्षण वेळोवेळी देणे ही कलम 11 ने शासनावर टाकलेली जबाबदारी आहे, तेव्हा दुसऱ्या सत्राची मागणी संकोच न करता करा आणि त्या वेळी नावे झाकलेले खरे अहवाल मागवून आधी आर्थिक हिंसाचाराचा रकाना पाहा.