रात्रीच्या अंकासाठी कृष्णधवल फोटो: रोल धुण्यापासून प्रिंटपर्यंत

जिल्हा पातळीवरच्या दैनिकात डार्करूम, म्हणजे फोटो धुण्याची अंधारी खोली, बहुधा जिन्याखाली असे. तिथे पाऊण-एक तासात रोलचा प्रिंट कसा होत असे, ती पद्धत इथे देतो. घरी करून पाहायलाही हीच चालते.

आधी रसायनांचं तापमान बघा. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, २० अंश सेल्सिअसला हवा. उन्हाळ्यात नळाचं पाणीच ३० अंशांच्या घरात असतं, म्हणून बाटल्या बर्फाच्या पाण्याच्या बादलीत ठेवा. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, तो पातळ होतो. पाणी आणि हायपो (उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन, म्हणजेच फिक्सर) हेही त्याच बादलीत हवेत. एक गार, दुसरं गरम झालं तर फिल्मच्या थराला सुरकुत्या पडतात.

पूर्ण अंधारात रोल स्पायरलवर (फिल्म गुंडाळायच्या खाचांच्या चकतीवर) चढवून, ती उजेड न शिरणाऱ्या टाकीत ठेवून टाकी बंद केली की दिवा लावा. एचपी-५ प्लस ही ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा) फिल्म पातळ न केलेल्या डी-७६ या डेव्हलपरमध्ये साडेसात मिनिटं. दर मिनिटाला चार वेळा टाकी उलटसुलट करा आणि बुडबुडे निघावेत म्हणून ती ओट्यावर हलकेच आपटा. उजेड कमी म्हणून रात्रीची कबड्डी हीच फिल्म १६०० आयएसओची धरून टिपली असेल तर १४ मिनिटं. मग निगेटिव्हवर सावल्या कोऱ्या निघतात, त्याला इलाज नाही.

डेव्हलपर ओतून एकदा पाणी, मग रॅपिड फिक्सर तीन ते पाच मिनिटं. नंतर धुण्यासाठी नळ सोडून ठेवायची गरज नाही. टाकी त्याच तापमानाच्या पाण्याने भरून पाच वेळा उलटवा, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. टंचाईच्या गावात हे फार उपयोगी.

घाई असेल तर फिल्म क्षणभर स्पिरिटमध्ये बुडवून टांगा, लवकर वाळते. जवळ काडी पेटवू नका. पंखाही नको, धूळ चिकटते.

प्रिंट करताना मात्र डोळ्याला सुंदर दिसणाऱ्या प्रिंटच्या मागे लागू नका. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि फोटो छापण्यासाठी ज्या ठिपक्यांच्या जाळीत फोडतात, त्या इंचाला ६५ ते ८५ रेषांच्या जाळीत गडद भाग सरळ काळे होतात. म्हणून साधारण दोन नंबरचा, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक मध्यम ठेवणारा कागद घ्या, चेहरे किंचित उजळ ठेवा, काळे केस आणि मागचा पडदा वेगळे दिसतील एवढा करडा रंग राहू द्या. मंचावरच्या सगळ्या पाहुण्यांना फ्रेममध्ये ठेवण्याचा आग्रह संपादक धरतील. तरी दोन-तीन चेहऱ्यांपुरतं कापा. दोन कॉलमात दहा डोकी ओळखू येत नाहीत.

एनलार्जरचं (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राचं) भिंग एफ-८ वर, म्हणजे त्याचं छिद्र मध्यम उघडं ठेवा. लाल दिव्यात कागदाची पट्टी तीन-तीन सेकंदांच्या टप्प्यांनी उजेडात आणून वेळ ठरवा. प्लास्टिकचा थर असलेला कागद डेव्हलपरमध्ये एक मिनिट ठेवा. काळा पडतोय म्हणून आधीच बाहेर काढलात तर मळकट दिसेल. त्यापेक्षा उजेड कमी देऊन दुसरा काढा. फिक्सर, दोन मिनिटं धुणं, मग पुसून वाळवणं.

मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, डावीकडून उजवीकडे. निगेटिव्ह तारखेच्या पाकिटात ठेवा, कारण तोच चेहरा निवडणुकीत पुन्हा लागतो.