कार्यालय हलवताय? या चुका टाळा

सरकारी कार्यालय मुंबईबाहेर हलवायचा आदेश निघाला की पहिला फोन टेम्पोवाल्याला जातो. बिघडायला सुरुवात होते ती इथूनच. फोर्टमधलं आमचं कार्यालय बेलापूरला आलं तेव्हा मी आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांचं काम बघणाऱ्या शाखेत होतो. पुढे आणखी दोन स्थलांतरं जवळून पाहिली. चुका त्याच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दप्तर हलतं, पण अधिकार मागेच राहतात. नवी मुंबईचंच बघा. 1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे शहर वसवायची कल्पना मांडली, 1970 मध्ये ते शहर उभारायला सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. राज्याचा कारभार इकडे आला की बाकीचे मागोमाग येतील, हा त्यातला गाभा होता. सरकारी कार्यालयांसाठी कोकण भवन उभं राहिलं, विभागीय आयुक्त बेलापूरला बसू लागले. मंत्रालय मात्र जागचं हललं नाही आणि नरिमन पॉइंटला भरावावर इमारती उठत राहिल्या. याउलट कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार वाशीला आला तो व्यापारी, अडते, माथाडी सगळ्यांना घेऊन. म्हणून तो रुजला.

सहीचा अधिकार मुंबईत आणि टेबल बेलापुरात, असं झालं की त्रास लोकांना होतो. सावंतवाडीचा माणूस रात्रभर प्रवास करून पहाटे पनवेलला उतरतो, लोकलने बेलापूरला येतो, दहापर्यंत बाकड्यावर बसतो आणि ऐकतो काय, तर साहेब मंत्रालयात मीटिंगला गेलेत. मी हलवाहलवीआधी एकच कागद मागायचो: कोणत्या प्रकरणावरची सही नव्या जागीच होणार, त्याची यादी. ती मिळाल्याशिवाय एक खुर्चीही हलू द्यायची नाही, हे माझं ठाम मत आहे.

दुसरी चूक अभिलेखांची, म्हणजे जुन्या कागदपत्रांची, आणि ती मला आजही झोपू देत नाही. भाड्याच्या जागेची मुदत मे अखेर संपत होती. ‘दोन दिवसांत उरका’ असं वरून आलं. हमालांनी लाल रुमालात बांधलेले गठ्ठे हातोहात खाली टाकले. गठ्ठ्याची ओळख म्हणजे वर सुतळीने अडकवलेला पुठ्ठ्याचा तुकडा. निम्मे तुकडे जिन्यातच गळून पडले. नव्या जागी ढीग लागला, तोही खिडकीखाली. जूनमध्ये ओल आली. त्याच सुमारास आमच्या एका दिवंगत शिपायाची पत्नी कुटुंब निवृत्तिवेतनासाठी माणगावहून येऊ लागली. शिपायाच्या नोकरीची सगळी नोंद असलेलं सेवापुस्तक सापडेना. बाई तीनदा आली, दर वेळी हातात तीच प्लास्टिकची पिशवी, आत नवऱ्याचं ओळखपत्र. चार महिन्यांनी सेवापुस्तक मिळालं, कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात, कडा भिजून चिकटलेल्या. पानं मी वर्तमानपत्रात ठेवून सुटी केली.

तेव्हापासून सेवापुस्तकं, रोकडवही आणि शिक्के मी टेम्पोत घालत नाही, सोबत नेतो. प्रत्येक गठ्ठ्याची चिठ्ठी दोन ठिकाणी: एक बाहेर, एक रुमालाच्या आत पहिल्या पानावर. यादीच्या तीन प्रती. आणि मुदत संपलेले ‘ड’ वर्गाचे, म्हणजे थोडाच काळ जपायचे कागद आधीच रीतसर नष्ट करायचे, ते पुढे वाहून नेण्यात शहाणपण नाही. नवीन आलेली मुलं म्हणतात, स्कॅन करून टाकू, मग गठ्ठे क्रमाने कशाला लावायचे? अहो, न लावलेला गठ्ठा स्कॅन केला की गोंधळच संगणकात जातो. आधी लावा.

माणसांची गणतीही फर्निचरसारखी करू नका. ब्रिटनचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय लंडनहून न्यूपोर्टला गेलं तेव्हा लंडनमधले बहुसंख्य कर्मचारी सोबत गेलेच नाहीत, आणि त्यांचा अनुभवही गेला. आपल्याकडे नोकरी सोडत नाहीत, पण वसई-विरारचा कारकून बेलापूरला रोज दोन गाड्या बदलून येतो. हलवायचं तर एप्रिल-मेमध्ये हलवा, शाळा सुरू झाल्यावर नको.

कोषागार बदलत असेल तर पगारबिलाची तजवीज महिनाभर आधी करा.

आणि जुन्या दारावर नुसता कागद चिकटवून निघू नका, पहिल्या पावसात तो गळतो. कोर्टाच्या नोटिसा जुन्या पत्त्यावरच येत राहतात. तीन महिने तिथे एक शिपाई आणि आवक नोंदवही ठेवा, रोज संध्याकाळचं टपाल त्याच्या हाती बेलापूरला येऊ द्या.