धाटं इंधनाला देताय? मातीचा वाटा आधी काढा

मका काढणीला आला की दाण्याबरोबर धाटांचंही गिऱ्हाईक बांधावर येतं. दाणा इथेनॉलला, धाटं गाठी बांधून बायोगॅसला, आणि शेत झाडल्यासारखं मोकळं. किती द्यायचं आणि किती ठेवायचं, हे गाठी बांधणारं यंत्र शेतात उतरायच्या आधी ठरवा.

इथेनॉलमध्ये फक्त कर्ब (कार्बन), हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो. पिकाने तो हवेतून आणि पाण्यातून घेतलेला असतो. नत्र, स्फुरद, पालाश इंधनात जातच नाहीत, ते कारखान्याच्या उरलेल्या मालात अडकतात. पालाश तर दाण्यापेक्षा धाटातच जास्त असतो. एक टन सुक्या धाटांबरोबर साधारण 7-8 किलो नत्र आणि 10 किलोंहून अधिक पालाश शेताबाहेर जातो. म्हणून करार करताना बायोगॅसची स्लरी परत मागा. धाटं जाळणाऱ्या कारखान्याकडून राख मिळाली तर तिच्यात नत्र जवळजवळ नसतो आणि ती अल्कधर्मी असते, त्यामुळे सामू (pH) 8 च्या वर असलेल्या जमिनीत टाकू नका. आसवनीचं, म्हणजे इथेनॉल गाळणाऱ्या कारखान्याचं, सांडपाणी क्षारयुक्त असतं. प्रक्रिया आणि माती परीक्षण झाल्याशिवाय ते शेतात सोडूच नका.

खत विकत आणता येतं, पण आच्छादन आणि सेंद्रिय कर्ब असा गोणीत मिळत नाही. उताराच्या किंवा हलक्या जमिनीतून काहीच उचलू नका. सपाट, भारी जमिनीत पीक जोमदार असेल तरी एक तृतीयांशाच्या पुढे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढची पेरणी झाल्यावरही निदान 30 टक्के जमीन झाकलेली राहायला हवी.

हे मोजायला 10 मीटरची दोरी पुरते. दर 10 सेंटिमीटरवर गाठ मारा, म्हणजे 100 गाठी होतील. दोरी ओळींना तिरकी ताणा आणि वरून सरळ खाली बघून किती गाठींखाली धाट आहे ते मोजा. जेवढ्या गाठी, तेवढे टक्के. चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा.

राहिलेली धाटं वरच पसरलेली बरी. मातीत गाडली तर ती कुजवताना जिवाणू जमिनीतला नत्र ओढून घेतात आणि पुढचं पीक सुरुवातीला पिवळं पडतं. गाडायचीच असतील तर पेरणीबरोबर थोडा नत्र जास्त द्या.

गाठींची वाहनं जड असतात. वाफसा नसताना, म्हणजे जमीन अजून ओली असताना, ती शेतात घातली तर खालचा थर असा दबतो की मुळं आडवी पळतात. दोन दिवस थांबलेलं परवडतं.

इंधनासाठी लावलेलं मिस्कॅन्थससारखं उंच बहुवर्षीय गवत हिरवं असताना कापू नका. ते पिवळं पडताना अन्नद्रव्यं खाली कंदमुळांत उतरतात. मात्र जुनं कुरण नांगरून असं गवत लावणं टाळा, वर्षानुवर्षं साठलेला कर्ब नांगरटीत उडून जातो.

यंदा शेतात एक पट्टा असा ठेवा की जिथलं एकही धाट उचललेलं नाही. पुढच्या मोठ्या पावसानंतर तिथे आणि शेजारी पाणी किती वेळ साचून राहतं ते बघा, आणि पुढचा करार त्यावरून करा.