इंग्रजी वाक्य उलगडायचं कसं? शब्दांच्या आठ जाती, सांगलीच्या उदाहरणांसह

सांगली-मिरजेत स्पोकन इंग्लिशच्या क्लासला नोकरी-धंद्यातली माणसं येतात. त्यातली बरीच जण म्हणतात, "व्याकरण अगदी पहिल्यापासून शिकवा." माझ्या मते त्याची गरज नाही. मराठीच्या तासाला नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी असं तुम्ही पाठ केलेलंच आहे. इंग्रजीतही याच आठ जाती आहेत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. तीच मांडणी पुढे शाळांत रुळली. म्हणून नावांच्या घोकंपट्टीत अडकू नका. लक्ष द्यायचं ते शब्दाच्या जागेकडे.

पहिली पायरी: क्रियापद शोधा

वहीत हे वाक्य लिहा: "माय ब्रदर सेल्स टर्मरिक इन सांगली." आता क्रियापदाखाली रेघ मारा: सेल्स. विकतो कोण? ब्रदर. विकतो काय? टर्मरिक. ही दोन्ही नामं. पहिलं कर्ता, दुसरं कर्म.

मराठीत "भाऊ हळद विकतो" म्हणा किंवा "हळद विकतो भाऊ" म्हणा, अर्थ तोच. इंग्रजीत "टर्मरिक सेल्स माय ब्रदर" म्हटलंत तर हळदच भावाला विकायला निघते. कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम हाडीमाशी खिळेपर्यंत पुढे जाऊ नका.

दुसरी पायरी: क्रियापदाचा 'एस' सांभाळा

इथे वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ही, शी, इट किंवा एकाच माणसाचं नाव असेल तर साध्या वर्तमानकाळात 'सेल्स'. आय, यू, वी, दे असेल तर 'सेल'. एवढं सगळ्यांना जमतं. गाडी अडते ती प्रश्न विचारताना. "डझ ही सेल्स टर्मरिक?" हे सर्रास ऐकू येतं. बरोबर वाक्य आहे "डझ ही सेल टर्मरिक?" वाक्यात एस एकदाच लागतो. तो 'डझ'ने घेतला की मूळ क्रियापद मोकळं. नकारातही तसंच: "ही डझन्ट सेल."

भूतकाळाचा हिशोबही हाच. "ही सोल्ड" बरोबर, पण प्रश्न "डिड ही सेल?" कारण भूतकाळ 'डिड'ने दाखवून झाला. "डिड ही सोल्ड" म्हणू नका. रोज आपल्या कामाचं एक वाक्य घ्या आणि त्याचं होकारी, नकारी, प्रश्नार्थी असं तिन्ही प्रकारे मोठ्यानं म्हणा. आठवड्याभरात जीभ वळते.

तिसरी पायरी: नाम आणि त्याच्या आधीचं 'अ', 'ॲन', 'द'

मराठीत हे नाही, म्हणून आपल्याकडून ते सुटतं. पहिल्यांदा उल्लेख करताना 'अ', ऐकणाऱ्याला कुठलं ते कळलं की 'द': "ही बॉट अ ट्रक. द ट्रक इज ओल्ड." 'ॲन' लावायचं ते उच्चार ऐकून, स्पेलिंग बघून नव्हे. म्हणून "ॲन अवर", पण "अ युनिव्हर्सिटी". गावाच्या नावाला 'द' नाही, नदीच्या नावाला आहे: नुसतं "सांगली", पण "द कृष्णा". आणि फर्निचर, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस यांना अनेकवचनाचा एस कधीच लावू नका.

सर्वनाम आणि विशेषण इंग्रजीत सोपं आहे. आपल्याकडे नदी ती, पूल तो, दुकान ते. तिकडे तिन्ही 'इट'. विशेषण तर बदलतच नाही. चांगला, चांगली, चांगले, सगळ्याला एकच 'गुड'. क्रियाविशेषण क्रिया कशी झाली ते सांगतं आणि बऱ्याचदा त्याच्या शेवटी 'ली' येतं. मात्र "ही वर्क्स हार्ड" म्हणजे तो कष्ट करतो आणि "ही हार्डली वर्क्स" म्हणजे तो जवळजवळ कामच करत नाही. नोकरीच्या मुलाखतीत ही गफलत महागात पडेल.

चौथी पायरी: शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी आणा

मिरज जंक्शनवरच्या घोषणा नीट ऐका. मराठीत गाडी "प्लॅटफॉर्म क्रमांक एकवर" येते, इंग्रजीत "ऑन प्लॅटफॉर्म नंबर वन". आपला 'वर' शब्दाच्या शेवटी चिकटतो, त्यांचा 'ऑन' नामाच्या आधी सुटा उभा राहतो. तसंच आयर्विन पुलावर म्हणजे "ऑन द आयर्विन ब्रिज", बाजारात म्हणजे "इन द मार्केट".

'पासून'ची मात्र काळजी घ्या. "पाच वर्षांपासून" याला "सिन्स फाइव्ह इयर्स" म्हणत नाहीत. मुदत सांगायची तर 'फॉर', सुरुवातीची वेळ सांगायची तर 'सिन्स': "फॉर फाइव्ह इयर्स", "सिन्स २०१९". 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नको: "वी डिस्कस्ड द रेट."

पाचवी पायरी: वाक्यं जोडा

अँड, बट, ऑर, बिकॉज ही उभयान्वयी आधीपासून तोंडात असतात. चूक होते ती 'जरी-तरी'मुळे: "ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट ही केम." मराठीत दोन्ही शब्द लागतात, इंग्रजीत एकच. 'ऑल्दो' ठेवलंत तर 'बट' काढा. केवलप्रयोगी म्हणजे ओह, वाव, अलास. त्यासाठी वेगळा अभ्यास नको.

सहावी पायरी: जात वाक्यात ठरवा

"द वॉटर इज कोल्ड" यात वॉटर नाम आहे. "वी वॉटर द व्हाइन्स" यात तेच क्रियापद, कारण ते कर्त्याला लागून आलंय आणि त्याचा अर्थ पाणी देणं. तासगावचा द्राक्ष बागायतदार हे वाक्य रोज वापरू शकेल. म्हणून सुट्या शब्दांच्या याद्या पाठ करू नका. दुकानात, शेतात, ऑफिसात आज जे केलं त्याची चार-पाच वाक्यं रात्री इंग्रजीत लिहा, प्रत्येक शब्दावर त्याची जात मराठीतच लिहा आणि क्रियापद कर्त्यालगत आलंय का, जिथे एस हवा तिथे तो नेमका एकदाच लागलाय का, एवढं तपासा.