एकाच सालच्या परवडणाऱ्या वाइन निवडताना या चुका टाळा

गणपती उरकले की आम्ही सहाजण एका रविवारी दुपारी जमतो. टेबलावर नाशिककडच्या सात-आठ बाटल्या असतात. सगळ्यांवर साल एकच आणि किंमत हजाराच्या आसपास, एवढीच अट. साल एक ठेवलं की ऊन, पाऊस आणि थंडी सगळ्यांच्या वाट्याला साधारण सारखी आलेली असते. मग उरलेला फरक द्राक्षाच्या जातीचा, बागेचा आणि वाइन करणाऱ्याच्या हाताचा. आपले पैसे कुठे वसूल होतात हे त्या फरकातून कळतं. मात्र काही चुकांमुळे अख्खी दुपार वाया जाते, आणि त्यातल्या बहुतेक मी स्वतः केल्या आहेत.

पहिली चूक साल वाचण्यातच होते. लेबलवरचं साल म्हणजे द्राक्षं तोडल्याचं वर्ष. नाशिकला वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, तर फ्रान्स-इटलीत साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. म्हणजे दोन्ही बाटल्यांवर २०२४ असलं तरी आपली वाइन सहा-सात महिन्यांनी मोठी. शेजारी ठेवून परदेशी बाटली ‘जास्त ताजी’ म्हणणं हा नाशिकवर अन्यायच.

याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे अख्ख्या सालावर शिक्का मारणं. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड भागात गारपीट झाली, द्राक्षबागांचं मोठं नुकसान झालं. म्हणून ‘२०२४ ची नाशिकची वाइन घेऊ नका’ असं सांगून मोकळं होता येत नाही. गारा पट्ट्यानं पडतात. एका शिवाराला झोडपतात, शेजारचं सोडतात. शिवाय फळ धरण्यासाठीची छाटणी कुणी लवकर केलेली असते, कुणी उशिरा, त्यामुळे एकाच पावसात दोन बागांची गत वेगळी होते. साल बघून बाटली हातात घ्या, पण मत चाखूनच बनवा.

सगळ्यात जास्त नुकसान तापमानानं होतं. ‘रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यायची’ हा नियम थंड देशातल्या खोलीचा आहे. आपल्याकडे ३० अंशांच्या खोलीत शिराझसारखी रेड ओतली की आधी अल्कोहोलचा भपका येतो, फळाचा वास मागेच राहतो. रेड आधी फ्रिजमध्ये ठेवून थोडी गार करा. १६ ते १८ अंश पुरे. व्हाइटचं उलटं. थेट फ्रिजमधली वाइन इतकी गार असते की वासच उमलत नाही आणि चांगली-वाईट दोन्ही सारखीच लागते. बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटं थांबा, ८ ते १० अंशांवर आली की चाखा. एका वर्षी सॉव्हिन्याँ ब्लाँ ही एक व्हाइट आम्ही ‘पाणचट’ म्हणून बाजूला सारली होती. तासाभरानं ग्लासात उरलेल्या घोटाला पेरूचा आणि हिरव्या मिरचीच्या देठाचा असा काही वास सुटला, की तिचे गुण खोडून पुन्हा लिहावे लागले.

चाखण्याचा क्रमही बघा. आपल्याकडची स्वस्त चेनिन ब्लाँ ही व्हाइट बऱ्याचदा किंचित गोड असते. ती आधी घेतली की मागून येणारी कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन उगाच आंबट लागते. म्हणून कोरडी आधी, गोडसर नंतर; हलकी आधी, तुरट नंतर. आणि टेबलावर शेव-चिवडा ठेवू नका. तिखटानं अल्कोहोल जास्त जळजळतं, रेडचा तुरटपणाही बोचतो. साधा पाव आणि पाणी एवढंच ठेवा. त्या दुपारी खोलीत उदबत्तीही नको.

लेबल दिसलं की जीभ फितूर होते. आम्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळतो, वर रबरबँड लावून स्केचपेननं आकडा टाकतो. बाटलीचा आकार आणि जाड काचही चुगली करतात, म्हणून ओतणारा चाखत नाही. पहिल्यांदा असं केलं तेव्हा माझी नेहमीची आवडती बाटली मीच पाचव्या नंबरावर टाकली होती.

खराब बाटलीवरून वाइनला नावं ठेवणं ही फार मोठी चूक. एकदा दुकानाच्या उन्हाच्या काचेत उभी असलेली व्हाइट मी घेऊन आलो. रंग गवती चहाच्या काढ्यासारखा, वास शिजवलेल्या सफरचंदाचा. दोष उन्हाचा होता, वाइनचा नव्हे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बिघडलेलं समजा. विझलेल्या काडीचा वास मात्र ग्लास फिरवून पाच मिनिटं थांबलं की बहुतेकदा निघून जातो. शंका आली तर दुसरी बाटली, तीही दुसऱ्या दुकानातून, उघडल्याशिवाय मत देऊ नका.

एक चूक जाणकारही करतात. त्याच सालची लाकडी पिंपातली महाग रिझर्व्ह रेड या रांगेत बसवतात. ती अजून मुरलेली नसते, कच्च्या सुपारीसारखी तुरट लागते, आणि शेजारची साधी शिराझ सहज जिंकते. दोघींना वेगळं चाखा. पण यंदाचीच बाटली यंदाच प्यायची असेल तर माझा कौल साध्या, ताज्या वाइनलाच.

शेवटी शिफारस. नुसत्या घोटाच्या गुणांवर ती करू नका. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. पहिला घोट भारी लागूनही दुसरा ग्लास नकोसा झाला, तर ती वाइन कितीही स्वस्त असली तरी महागच. म्हणून गुण देऊन झाले की आम्ही कागद न काढता बाटल्या जेवणाबरोबर ठेवतो. गेल्या खेपेला सगळ्यात आधी संपली ती ४ नंबरची चेनिन, जिला तिघांनी ‘साधीच आहे’ म्हटलं होतं. मी सगळ्यांना तीच सुचवली, सोबत दोन गोष्टी सांगून: दहा अंशांवर गार करा आणि उन्हाळा लागायच्या आत संपवा.